एक मिनिट चाळीस सेकंद

दीपमाला साळवेची शहरात एका गोष्टीसाठी ख्याती होती. तिनं केलेला सांधा दिसत नाही. बावीस वर्षं ती माहितीपटांचं संकलन करत होती. पाणलोटाच्या फिल्म, बचतगटाच्या फिल्म, कारखान्यांच्या रौप्यमहोत्सवाच्या फिल्म. चेअरमन दहा ठिकाणी अडखळले असले तरी पडद्यावर ते घडाघडा बोलायचे. अर्धं वाक्य सकाळचं, अर्धं दुपारचं, मधे उसाच्या फडाचं चित्र, की काम झालं. चेअरमन खूश होऊन विचारायचे, "ताई, मी एवढं छान बोललो?" ताई म्हणायची, "बोललात की." आणि त्यात खोटं तरी काय होतं? शब्द त्यांचेच होते. फक्त उचलून दुसरीकडं ठेवलेले.

या धंद्यात सगळेच हे करतात. जो करत नाही म्हणून सांगतो तो जरा जास्तच करतो.

पण ही फिल्म दीपमालाची स्वतःची होती. निर्माती तीच, संकलकही तीच. बावीस वर्षं दुसऱ्यांचं निस्तरल्यावर पहिल्यांदाच नाव तिचं लागणार होतं, आणि एका मोठ्या वाहिनीनं ती दाखवायचं जवळजवळ कबूल केलं होतं. त्या 'जवळजवळ'वर दीपमालाचा जीव टांगलेला होता.

फिल्म होती फुलंब्रीच्या पुढं आत नऊ किलोमीटरवरच्या एका गावाची. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून जाळपोळ झाली तेव्हा तिथल्या बौद्धवाड्यातलं भामाबाईचं घर जळालं. भामाबाई लहान आवडाला कडेवर घेऊन खुरपायला गेली होती. चार वर्षांचा बुद्धभूषण तापानं फणफणलेला, म्हणून त्याला घरी निजवून, दार नुसतं लोटून गेली होती. परत आली तेव्हा घर नव्हतं आणि लेकरूही नव्हतं. अर्धवट जळालेल्या दाराला बाहेरून कडी घातलेली होती.

ती कडी घालणारा माणूस अजून हयात होता. तात्यासाहेब. गावात मोठी शेती, नातू शहरात नोकरीला. त्याला बोलतं करायला दीपमालानं दोन वर्षं त्याच्या ओसरीवर चकरा मारल्या आणि पंचाहत्तरीचा तो म्हातारा शेवटी एकदा कॅमेऱ्यासमोर बसला. म्हणाला, "लोकं चालून येत व्हते. घर लुटत्याल म्हनून मी कडी घातली. आत लेकरू हाये हे मला ठावं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. माह्याकडून चूक झाली." आणि त्यानं हात जोडले.

ते चित्रीकरण दीपमालानं लॅपटॉपवर भामाबाईला दाखवलं. समोर कॅमेरा चालू होता. माइकची लांब काठी धरून अभय उभा होता. हा अभय दीपमालाचा ध्वनिमुद्रक, बारा वर्षं तिच्याबरोबर. बाहेर ट्रॅक्टरचा आवाज येत होता म्हणून तो दार लावायला गेला, तर दाराला कडीच नव्हती. ना आतून, ना बाहेरून. चौकटीला एक सुतळी बांधलेली, तेवढीच.

"आयनं पुना कवाच कडी बसवू दिली नाय," आवडाबाई चुलीपासून म्हणाली. आवडाबाई आता अठ्ठेचाळीस वर्षांची, भामाबाईला सांभाळणारी तीच. मग अभय दाराला पाठ लावून उभा राहिला.

दीपमालानं विचारलं, "आजी, हे ऐकून तुम्हांला काय म्हणायचंय?"

भामाबाई काहीच बोलली नाही. मांडीवर हात ठेवून ती कॅमेऱ्याकडं बघत बसली. रडली नाही, मान हलवली नाही. एक मिनिट चाळीस सेकंद. मग म्हणाली, "च्या घ्या."

आवडाबाईनं चहा आणला, आणि काठी मागं घेताना अभयचा धक्का लागून आजीचाच कप सांडला. तो शरमून म्हणाला, "माफ करा आजी." म्हातारी पहिल्यांदाच हसली. "जाऊ दे. माफ केलं रं."

निघताना अभयनं नेहमीचं काम केलं. जिथं चित्रीकरण होतं तिथल्या नुसत्या शांततेचं तीस सेकंद ध्वनिमुद्रण करून ठेवायचं, अशी या लोकांची रीत असते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि पुढं सांधे बुजवायला ती लागते. सगळे श्वास रोखून उभे राहिले. ते झाल्यावर भामाबाईनं विचारलं, "काय घेतलं रं ह्या डब्यात?"

"तुमच्या घराची शांतता, आजी."

"घेतली तं नीट ठिव मंग," ती म्हणाली. "मोडू नको."

दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, भामाबाई गेली.

एप्रिलमध्ये फिल्म उभी राहिली आणि वाहिनीच्या रूपालीचा मुंबईहून फोन आला. रूपाली वयानं लहान, हुशार, आणि तिच्यावरच सगळं अवलंबून. "दीपमालाताई, जबरदस्त आहे. पण शेवट उघडा पडतो हो. तो हात जोडतो आणि ती गप्प. आमच्या प्रेक्षकानं करायचं काय? आजी काहीतरी म्हणाल्या असतीलच की."

आता माणसाला मोह कुठं होतो? जिथं हात सरावलेला असतो तिथं. दीपमालाच्या मनात ते वाक्य आधीपासून होतंच. तिनं चहाच्या वेळचा आवाज काढला. 'जाऊ दे. माफ केलं.' पुढचा 'रं' छाटला, त्याच्या मागचं हसू छाटलं. एक मिनिट चाळीस सेकंदांच्या गप्पपणातले चार सेकंद ठेवले, बाकी उडवले. भामाबाईच्या मांडीवरच्या हातांचं चित्र होतं, त्यावर तो आवाज ठेवला. ओठ दिसायचा प्रश्नच नाही. मागं बशीचा किणकिणाट येत होता, तो बुजवायला त्या घराची तीस सेकंदांची शांतता खाली अंथरली. सांधा दिसेना. फिल्म बरोबर अठ्ठावन्न मिनिटांची झाली.

रूपाली फोनवर रडली. प्रसारणाची तारीख ठरली. आणि त्या आनंदाच्या भरात दीपमालानं तात्यासाहेबालाही फोन केला. "रविवारी गावातल्या विहारात पहिल्यांदा दाखवतोय. तुम्ही या. आजींनी तुम्हांला माफ केलंय त्यात." "किती वाजता?" म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं.

हे मंगळवारचं. बुधवारी दुपारी तिनं फिल्म उघडली तर ती एकोणसाठ मिनिटं छत्तीस सेकंदांची होती.

समर्थनगरातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिनं कामापुरता फ्लॅट घेतला होता. पुढं बैठक, आणि मागची सामान ठेवायची खोली ती संकलनाची. काळे पडदे, एक खिडकी, तीही खिळे मारून बंद केलेली. भर दुपारी तिथं अंधार असायचा. त्या अंधारात तिनं बघितलं. उडवलेला गप्पपणा जागच्या जागी परत आला होता. 'माफ केलं' गायब. भामाबाई मांडीवर हात ठेवून बघत होती, पूर्ण एक मिनिट चाळीस सेकंद.

चुकून जुनी प्रत उघडली असेल, असं म्हणून तिनं पुन्हा सगळं केलं. गुरुवारी पुन्हा एकोणसाठ छत्तीस. मग मात्र तिचं डोकं फिरलं. अभयला फोन लावला, "तू काही हात लावलास का?" अभय पाचोडच्या बाजारात दुसऱ्या कुणाच्या तरी फिल्मसाठी बैलांचे आवाज घेत होता. म्हणाला, "ताई, मी सोमवारपासून तिकडं फिरकलोच नाही." तिनं पुन्हा कापलं, डिस्क काढून पर्समध्ये टाकली आणि घरी नेऊन उशाखाली ठेवली. हसू येईल कुणाला. तिला येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी डिस्क जोडली. एकोणसाठ छत्तीस. आणि आता आणखी काहीतरी होतं.

त्या गप्पपणाच्या तळाशी एक आवाज होता. हेडफोन कानाशी दाबल्यावरच कळणारा. लोखंडाचा. खट खट. मग थांबून, खट खट खट. बावीस वर्षांच्या कानांना आवाज ओळखायला वेळ लागत नाही.

"अभय, त्या घरातल्या मुद्रणात कडीचा आवाज येतोय."

"कसली कडी?" अभय म्हणाला. "ताई, त्या दाराला कडी आहे कुठं? मीच पाठ लावून उभा होतो की." मग म्हणाला, "मूळ मुद्रण ऐका."

मूळ मुद्रणातही होता. ते तीस सेकंद तिनं चारदा ऐकले. कुणीतरी कडी घालतंय असं तिला वाटलं. म्हणजे तात्यासाहेबाचा हात, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा? हा विचार आला आणि तिनं स्वतःलाच दरडावलं. तू बाबासाहेबांच्या विचारात वाढलेली बाई, भुताखेताच्या गोष्टी तुझ्या घरात कुणी कधी बोललं नाही. वायर सैल असेल.

दुपारी अडीचला वीज गेली.

संगणकाचे पडदे विझले, पंखा थांबला. दीपमाला हेडफोन काढून चाचपडत दारापाशी गेली, दार ओढलं. उघडेना. ही पूर्वी सामानाची खोली, त्यामुळं कडी बाहेरूनच. आतून काहीच नाही. फ्लॅटच्या मुख्य दाराचं लॅच तिनं स्वतः आतून लावलं होतं. बाहेर कुणी असणं शक्य नव्हतं. तिनं जोर लावला, मग घाबरून दोन्ही हातांनी दार हलवलं, आणि बाहेर कडी वाजली.

खट खट. खट खट खट.

हाच तो आवाज. हेडफोनमधला. तो कडी घालण्याचा आवाज नव्हताच. घातलेल्या कडीचं दार आतून हलवलं की होतो, तो होता.

तिचे हात खाली आले. तिनं दार सोडलं होतं. तरी आवाज थांबला नाही. खट खट. आता तो तिच्या कमरेपेक्षाही खालून येत होता. तिथं, तिच्या शेजारी, अंधारात कुणीतरी दार हलवत होतं, जिवाच्या आकांतानं, आणि त्याचा हात कडीच्या उंचीपर्यंत पोचत नव्हता.

दीपमाला भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "भूषण, उघडतील हां. उघडतील." का म्हणाली, तिला कधीच सांगता आलं नाही. आवाज हळूहळू मंदावला. मग थांबला, आणि ते थांबणं त्या आवाजापेक्षा भयंकर होतं.

टेबलावरचा फोन शोधून तिनं अभयला बोलावलं. पाचोडहून यायला त्याला तास लागला. त्याच्याकडं दुसरी किल्ली होती. त्यानं खोलीचं दार उघडलं आणि कडीकडंच बघत राहिला. "ताई, कडी बाहेरून घातलेली होती. घट्ट. घरात दुसरं कोण आहे?"

"आहे," दीपमाला म्हणाली. "पाणी दे आधी."

त्या एका तासात तिला जे कळायचं ते कळलं होतं. भामाबाई गप्प बसली ती उत्तर सुचलं नाही म्हणून नव्हे. तो गप्पपणा हेच तिचं उत्तर होतं, आणि आपण ते कापून, वर दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर चिकटवलं. मेलेल्या बाईला बोलता येत नाही म्हणून. म्हणजे तिला आत ठेवून बाहेरून कडीच घातली की आपण. दीपमालाला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी तिनं रूपालीला फोन केला. "तो शेवट खोटा आहे. मी काढतेय."

रूपाली बराच वेळ समजावत होती. शेवटी म्हणाली, "ताई, मग वरचे लोक घेणार नाहीत. तुमच्या बावीस वर्षांनंतरची ही एक संधी आहे. नीट विचार करा."

"केला," दीपमाला म्हणाली आणि फोन ठेवल्यावर ढसाढसा रडली. मोठेपणा वगैरे काही वाटला नाही तिला. नुसतं हातातलं गेल्याचं दुःख झालं.

शनिवारी ती आवडाबाईकडं गेली आणि सगळं सांगितलं. कडीचं सोडून. आवडाबाई ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती तं च्याची माफी व्हती. अभयदादाची." मग सुपातला खडा बाहेर टाकत, "दिली ना त्याची त्याला परत? मंग बास." पण तात्यासाहेबाला फोन करून 'माफी नाही' म्हणायचं दीपमालाचं काही धाडस झालं नाही. ते राहून गेलं.

रविवारी सकाळी अकराला विहार भरला. वंदना झाली. खिडक्यांवर चादरी टांगल्या, अंधार व्हावा म्हणून दारही लावून घेतलं. तात्यासाहेबाला नातवानं गाडीतून आणून सोडलं होतं. पांढरा सदरा, नवी टोपी. तो दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच या जागेत आला होता. आवडाबाई पुढं सतरंजीवर. दीपमाला मागं, लॅपटॉपपाशी अभय, आणि नेहमीप्रमाणं त्याचा लहान रेकॉर्डर गळ्यात.

पडद्यावर तात्यासाहेबानं हात जोडले. मग भामाबाई आली. मांडीवर हात. दीपमालाचा प्रश्न. आणि गप्पपणा सुरू झाला.

दहा सेकंद. वीस. लोक चुळबुळले नाहीत. गावातली ही म्हातारी सगळ्यांच्या ओळखीची. ती बघत होती आणि सगळे तिच्याकडं बघत होते. चाळीस सेकंद झाले आणि दीपमालाला ते ऐकू आलं.

खट खट.

तिनं चटकन अभयकडं पाहिलं. तो निवांत. आवडाबाई निवांत. पोरंसोरं, बायका, कुणाचीच मान वळली नाही. खट खट खट. संबंध विहारात फक्त एक माणूस हलला होता. तात्यासाहेबानं दोन्ही हात कानांवर दाबले होते.

"बंद करा ते," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "आरं दार उघडा! आधी दार उघडा कुनीतरी! वाजवतंय ते!"

अभयनं फिल्म थांबवली. पडद्यावर भामाबाईचा चेहरा तसाच राहिला. कुणीतरी धावत जाऊन दार उघडलं. बाहेर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

आवडाबाई उठून त्याच्यासमोर आली. "कोन वाजवतंय, तात्या?"

म्हाताऱ्यानं कानांवरचे हात काढले. नवी टोपी खाली पडली होती. "पोरगं," तो म्हणाला. "तवाबी असंच वाजत व्हतं. कडी घातली अन् आतून वाजाया लागलं. मला ऐकू आलं व्हतं. मी हात बी नेला व्हता काढाया. पन मागं समदे हुभे व्हते. समदे माह्याकडं बघत व्हते. मी हात मागं घेतला."



आवडाबाई त्याच्या अंगावर धावून जाईल असं दीपमालाला वाटलं. ती गेली नाही. तिनं अभयला विचारलं, "दादा, ते घेतंय का?" अभयनं रेकॉर्डरकडं पाहिलं आणि मान हलवली. चालू होता.

"मंग पहिल्यापासून सांगा," ती तात्यासाहेबाला म्हणाली. "कोन कोन हुभं व्हतं त्येबी सांगा. नावं घेऊन."

त्यानं सांगितलं. अकरा नावं. दोन माणसं अजून गावात होती. सांगून झाल्यावर त्यानं आशेनं पडद्याकडं पाहिलं, मग आवडाबाईकडं. माफीचं कुणीच काही बोललं नाही. त्यानंही मागितली नाही.

"भाऊ निजल्या जागी सापडला नव्हता," आवडाबाई दीपमालाला हळूच म्हणाली. "दाराशी सापडला व्हता. आयला पहिल्या दिवसापसून ठावं व्हतं. ह्यो फुडचं बोलंल म्हनून ती वाट बघत बसली व्हती त्या दिवशी. नाय बोलला, तं म्हनली च्या घ्या."

"आणि आता तो आवाज..." दीपमाला म्हणाली. "तुम्ही ऐकलात ना?"

"कोनता आवाज?" आवडाबाईला खरंच कळलं नाही. "आय निस्ती गप बसली व्हती की."

अभयनं सवयीनं हात वर केला. जागा सोडायच्या आधीचं नेहमीचं काम. तीस सेकंद. कुणी सांगितलं नाही तरी सगळे उभे राहिले, म्हाताऱ्याला खुर्चीतून उठता आलं नाही. दार उघडंच ठेवलं. दीपमालानं अभयचे हेडफोन मागून घेतले आणि कानांवर दाबून धरले. दूर एक ट्रॅक्टर जात होता, पिंपळाची पानं सळसळत होती, आणि लोकांचे श्वास येत होते. बाकी काहीच वाजत नव्हतं. तीस सेकंद होऊन गेले तरी ती ऐकत उभी राहिली.